ऑर्गनच्या बाकावरून: जुनं संगीत नाटक पुन्हा उभं करताना

उत्सवाला संगीत नाटक करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "नाटक कुठलं?" खरं तर त्याआधी विचारायला हवं, "ऑर्गनला (म्हणजे पायपेटीला) कोण?" दिग्दर्शक गद्य बसवतो, हालचाली ठरवतो. पण पद कुठल्या पट्टीत (म्हणजे सा किती उंच धरून), किती लांब, कुठल्या शब्दाला सुरू आणि कुठल्या तिहाईला (तीनदा घेऊन थांबायच्या तुकड्याला) बंद, हे सगळं ऑर्गनवाल्याकडे असतं. त्याला प्रयोगाच्या तीन दिवस आधी "साथीला या हो" म्हणून बोलावलं, तर नाटक एकीकडे आणि मैफल एकीकडे असे दोन तुकडे रंगमंचावर दिसतात. म्हणून पुढची कामं तालमीच्या पहिल्या दिवसापासून त्याच्याच अंगावर घाला. साधारण आठ आठवडे हाताशी हवेत.

आधी गळे, मग पुस्तक

एक संध्याकाळ फक्त गळे तपासायला ठेवा. घरी बसून सापडलेली पट्टी रंगमंचावर टिकत नाही, कारण तिथे माणूस दहा मिनिटं मोठ्याने गद्य बोलून मग गातो. म्हणून प्रत्येकाला आधी उभं करून एक पानभर संवाद शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा म्हणायला लावा आणि लगेच सा लावायला सांगा. खाली मंद्र पंचम ऐकू येतोय का आणि वर तार गंधार-मध्यम न ओरडता लागतोय का, एवढं पाहा. तार पंचमाला मानेच्या शिरा फुगत असतील तर पट्टी एक स्वर खाली घ्या. गाणाऱ्याला ते कमीपणाचं वाटतं, पण प्रयोगात आवाज बसला तर जास्त कमीपणा येतो.

मग नाटक निवडा. 'सौभद्र'मध्ये गाणं अर्जुन, कृष्ण, नारद, सुभद्रा असं वाटलेलं आहे, त्यामुळे चार मध्यम गळे असलेल्या गावाला ते सोयीचं. 'शारदा'ला तान कमी लागते, शब्द स्वच्छ लागतात. 'स्वयंवर'ला खरी तयारी असलेली एक गायिका हवीच. ती नसेल तर १९१६ सालच्या त्या नाटकाकडे वळू नका. पदं भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या घडणीवर बांधली आहेत, आणि नुसता मुखडा गाऊन ती उभी राहत नाहीत. 'कट्यार'ला तर दोन तालेवार पुरुष गळे लागतात. ते बहुतेक ठिकाणी नसतात, तरी हट्ट मात्र त्याचाच असतो.

परवानगीचं लगेच पाहून घ्या. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. 'सौभद्र'चे किर्लोस्कर (निधन १८८५), 'शारदा'चे देवल (१९१६), गडकरी (१९१९), 'स्वयंवर'चे खाडिलकर (१९४८) यांची नाटकं मोकळी आहेत. 'मत्स्यगंधा' (१९६४) किंवा 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) घ्यायचं तर लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी लागते. संगीताचा हक्क वेगळा असतो, हे विसरू नका. दोन्ही नाटकांचं संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं आहे आणि त्यांचं निधन १९९८ सालचं. तिकीट लावा न लावा, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र त्या संहितेला आहे ना, तेही बघा.

चाल कुठून आणायची

छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि "चाल : अमुक" एवढंच असतं. ती मूळ चाल म्हणजे कधी कानडी पद, कधी लावणी, कधी एखादी बंदिश. नोटेशन नाही. मग सगळे जुन्या तबकड्यांकडे धावतात, आणि तिथेच फसतात.

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत. गाणारे पद त्यात कोंबत, म्हणून लय चढी आणि अंतरे गाळलेले. शिवाय सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या अचूक ७८ ला भरलेल्या नसत, त्यामुळे ऐकू येणारी पट्टीही भरवशाची नाही. उलट टोकाला मैफलीचं ध्वनिमुद्रण: पंधरा मिनिटांचं नाट्यपद, ज्यात पात्र केव्हाच हरवलेलं. तबकडीतून घ्या स्वररचना, जागा आणि शब्दांची फेक. लय आणि लांबी घेऊ नका. लय ठरवायची साधी रीत अशी की पदाचे शब्द आधी त्या प्रसंगातल्या भावनेने गद्यासारखे बोलायला लावा आणि बोलण्याच्या त्या वेगाला ताल लावा. बहुतेक वेळा उत्तर तबकडीपेक्षा थोडं संथ येतं.

साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांचं मात्र वेगळं आहे. ती वृत्तं-जाती आहेत. साकीच्या ओळीला १६ आणि १२ अशा २८ मात्रा, दिंडीला ९ आणि १० अशा १९. त्यांच्या ठरीव चाली तोंडोतोंडी आलेल्या आहेत आणि कीर्तनकारांकडे अजून शुद्ध सापडतात. देवळात कीर्तनाला येणाऱ्या बुवांकडून एक दुपार बसून त्या उतरवून घ्या. दिंडीत तान घालणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

हेच कोडं युरोपातल्या जुन्या ऑपेरावाल्यांपुढेही (ऑपेरा म्हणजे तिथलं संगीत नाटक) आहे. माँटेवेर्दी या इटालियन संगीतकाराच्या 'पोपेआ' या ऑपेराची (१६४३) जी हस्तलिखितं उरली आहेत, त्यांत बहुतेक ठिकाणी गाणाऱ्याची ओळ आणि खालचा खर्ज एवढंच आहे; मधली भर हार्प्सिकॉर्डवर (तारांच्या जुन्या पेटीवर) बसलेल्या माणसाने घालायची. पुढचा मोठा ऑपेराकार हॅण्डेल स्वतः हार्प्सिकॉर्डवर बसूनच प्रयोग चालवायचा. काठी घेऊन उभा राहणारा संचालक पुढच्या काळातला. १९२० साली ग्योटिंगेनमध्ये ऑस्कर हागेनने हॅण्डेलचं 'रोडेलिंडा' पुन्हा रंगमंचावर आणलं. त्यातल्या गाण्यांत पहिला भाग अलंकार घालून पुन्हा गायचा असतो, आपण अंतरा घेऊन मुखड्यावर येतो तसा. हागेनने ही पुनरावृत्ती छाटली, आणि कास्त्रातोंच्या (लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुष गायकांच्या) उंच गळ्यासाठी लिहिलेल्या भूमिका खाली उतरवून जाड पुरुषी आवाजांना दिल्या. नाटक जिवंत झालं, पण वाद्यांशी गळ्याचं नातं बदललं, आणि पुढच्या लोकांना ते हळूहळू पूर्ववत करावं लागलं. आपल्याकडे अडचण उलटी आहे. बालगंधर्वांसाठी बांधलेली 'स्वयंवर'मधली रुक्मिणीची पदं आज बाई गाते, म्हणजे पट्टी वर जाणारच. ती नुसती वर नेऊन चालत नाही. ऑर्गनचा हातही मग एक सप्तक खाली भरावा लागतो, नाहीतर वाद्य आणि गळा एकाच जागी गर्दी करतात.

पट्ट्यांची वही

एक शंभरपानी वही करा. प्रत्येक पदाला एक पान: पात्र, राग, ताल, पट्टी, आधीच्या गद्याचे शेवटचे चार शब्द, आवर्तनांची संख्या, पद संपताना कोण कुठे उभं आहे. ही वही ऑर्गनवर राहील. तिची एक नक्कल तबलजीकडे हवी.

पट्टी ठरवताना तबल्याचा हिशेब आधी मांडा. पुरुष काळी एकला (म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी सा धरून) आणि बाई काळी तीनला गात असेल तर काळी एकचा एकच तबला दोघांना चालतो, कारण तो पुरुषाचा सा आणि बाईचा पंचम. बाई काळी चारला असेल तर तोच तबला तिचा मध्यम होतो. मालकंसाला ठीक, पण भूपाला मध्यमच नाही, तिथे तो कानाला टोचत राहतो. म्हणजे 'सुजन कसा मन चोरी'सारखं भूपातलं पद काळी चारला असेल तर दुसरा तबला लागला. काळी एकला साधारण साडेपाच इंची पुडी (तबल्याचं चामड्याचं तोंड), काळी चार-पाचला सहा इंचांच्या आसपास. दोन तबले बाळगणं केव्हाही बरं. तबलजीला प्रयोगात हातोडी घेऊन पट्टी बदलायला लावणं म्हणजे प्रेक्षकांच्या पुढ्यात भांडी घासणं.

स्त्री-पुरुषांच्या सवाल-जवाबाच्या पदात दोघांची पट्टी एकच ठेवण्याचा आग्रह सोडा. पुरुषाने आपल्या साला गावं, बाईने त्याच्या मध्यमाला सा करून उचलावं. ऑर्गनवर फक्त दोन स्वर आधी तो मध्यम ठळक करायचा. हे दहा वेळा घोटून घ्यावं लागतं, पण एकदा बसलं की ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

नांदीला सगळा संच एकत्र असतो. काळी एक किंवा पांढरी दोन धरली तर बायका आपोआप वरच्या सप्तकात जातात. तार षड्जापर्यंत ठीक. त्याच्या वर चढणारी ओळ फक्त पुरुषांना द्या. पहिल्या पाच मिनिटांत सुभद्रेचा आवाज फाटला तर ती रात्रभर घाबरून गाते.

कात्री

१८८० च्या 'शाकुंतला'त दोनशेच्या वर पदं होती आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत बसत. आज तीन तास हातात आहेत. उघड्या मैदानात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते. वर्षातले मोजके दिवस ती बारापर्यंत शिथिल होते; त्यांत आपल्या उत्सवाची तारीख आहे का, हे आधी पाहा. पालखी फिरून आल्यावर साडेनऊला पडदा उघडण्याची प्रथा असेल तर गावकर-मानकऱ्यांशी हे बोलणं तालमी सुरू होण्याआधी उरका.

१८० मिनिटांचा अंदाज असा: गद्य ८५, लहान पदं अठरा (दोन-दोन मिनिटांची) ३६, मोठी पदं सहा (सहा-सहा मिनिटांची) ३६, मध्यंतर १५, टाळ्या आणि वन्समोअर ८. कात्री लावताना गोष्ट पुढे नेणारं पद ठेवा, जरी ते गाजलेलं नसलं तरी. नुसतं वर्णन करणारी पदं आधी काढा. लागोपाठ दोन पदं एकाच रागाची किंवा एकाच तालाची राहिली तर त्यांतलं एक गद्यात बोलायला द्या. गाजलेलं पद कापायचं नाही. प्रेक्षक त्यासाठीच आलेले असतात, आणि ते नसेल तर मध्यंतरात चहाच्या टपरीवर तुमचं काय होतं ते विचारू नका.

तालीम: सांधा

पहिले दोन आठवडे फक्त पदं, बसून, ऑर्गनवर. तिसऱ्या-चौथ्यात गद्यातून पदात जाणं. पाचव्या-सहाव्यात उभं राहून, चालत, हातात धनुष्य किंवा ताट घेऊन गाणं. सातव्यापासून तबला रोज. शेवटचा आठवडा पूर्ण नाटक, न थांबता.

यांतला खरा कस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागतो. समजा यमनातलं 'नाथ हा माझा' येणार आहे. चुकीची रीत: रुक्मिणीचं वाक्य संपतं, शांतता, ऑर्गनवर मुखडा वाजतो, ती सरसावून उभी राहते आणि गाणं सुरू होतं. त्या शांततेत पात्र मरतं. बरोबर रीत: वहीत लिहिलेल्या शेवटच्या चार शब्दांतल्या पहिल्या शब्दाला एकच स्टॉप (सुरांचा एक संच उघडणारी खुंटी) उघडून, आवाज वाढवणारी गुडघ्याची दांडी मिटलेली ठेवून, नुसता सा धरायचा. इतका हळू की पहिल्या रांगेलाही तो आला कधी ते कळू नये. तिचं वाक्य त्या सावर विरतं, ती श्वास घेते आणि त्याच श्वासात 'नाथ' उचलते. समेपर्यंत, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, तबला गप्प. सम आली की ठेका आणि दुसरा स्टॉप एकदम. मुखडा वाद्यावर आधी वाजवायचाच नाही.

तिने सा चुकीचा उचलला तर? होतंच. नवखा ऑर्गनवाला खरा सा जोरात दाबून तिला ओढू पाहतो आणि दोघं मिळून तिसराच सूर तयार करतात. हात काढून घ्या. एक शब्द ऐका. ती अर्धा स्वर वर असेल तर त्याच पट्टीत तिच्यामागे जा, तबलजीला डाव्यावर (डग्ग्यावर) जोर द्यायला खुणवा, मुखडा पुरा होऊ द्या. मग अंतऱ्याआधी दोन आवर्तनं ठेक्यावर मूळ सा भरा आणि तिला तिथून घ्या. पांढऱ्या-काळ्या बदलून वाजवण्याचा सराव त्यासाठी रोजचा हवा. काळी एकचं पद पांढरी दोनला न अडखळता वाजलं पाहिजे.

पायपेटीचा मोठा फायदा इथे आहे. भाता पायाने चालतो म्हणून एक हात मोकळा राहतो. तीन खुणा ठरवा: तळवा खाली म्हणजे लय धरा, बोट वर म्हणजे ही शेवटची फिरत, मूठ म्हणजे मुखड्यावर या. त्रितालात मोठ्या पदाला तानांसाठी सोळा आवर्तनं पुष्कळ झाली. आठव्याला बोट वर करण्याची सवय लावली तर बाराव्याला गाणारा येतो.

वन्समोअर आला तर काय गायचं हेही आधीच ठरवा: फक्त शेवटचा अंतरा आणि मुखडा. पात्राने जागेवरून हलायचं नाही आणि प्रेक्षकांना नमस्कारही करायचा नाही.

मुंबईचा चाकरमानी नायक असेल तर तो चार दिवस आधी उतरतो. त्याला सहा आठवडे आधी प्रत्येक पदाचा ऑर्गन आणि ठेका त्याच्या पट्टीत रेकॉर्ड करून पाठवा. गद्याचे शेवटचे चार शब्द दुसऱ्या कोणाच्या आवाजात त्यात असू द्या. त्यावर गाऊन त्याने परत पाठवायचं. व्हिडिओ कॉलवर ताल जुळवायच्या भानगडीत पडू नका, आवाज उशिरा पोचतो आणि दोघेही एकमेकांना मंद म्हणत राहतात.

वाद्यं आणि खारी हवा

वर्षभर देवळाच्या खोलीत पडलेला ऑर्गन एका दिवसात बोलत नाही. तालमीच्या महिनाभर आधी मागची फळी काढा. दमटपणाने लाकूड फुगून बोटांखालच्या पट्ट्या अडकतात, आतल्या पितळी सुरांवर (रीडवर) हिरवट थर चढतो, भात्याच्या कापडाला उंदीर भोकं पाडतात. आत किंवा खाली जुन्या पद्धतीचा २५ वॉटचा बल्ब आठवडाभर लावून ठेवा, कापडाला चिकटणार नाही अशा अंतरावर. एलईडीचा उपयोग नाही, ऊब लागते. अडकलेली पट्टी बहुधा सुकल्यावर सुटते. तेल कधीही घालू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. एखादा सूर मुका झाला तर त्याच्या जिभेखाली कण अडकलेला असतो. सूर ओढून मऊ ब्रशने झटका. पट्टी लागली नाही म्हणून सूर घासण्याचं काम जाणकाराकडे द्या: टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, आणि जास्त घासलेला परत येत नाही. भात्याचं भोक पातळ चामड्याच्या तुकड्याने बुजवता येतं. उंदरांसाठी आत डांबरगोळ्यांची पुरचुंडी टांगा.

नेताना तो उभाच न्या, आडवा नको. टेम्पोत गोधडीत गुंडाळा. लाल मातीची धूळ एकदा सुरांत गेली की प्रयोगभर खरखर ऐकू येते. जागेवर पोचल्यावर पायांखाली फळी आणि पाचर घालून तो डुलत नाही ना ते बघा. डुलणाऱ्या ऑर्गनचे पायटे (पायाने दाबायच्या फळ्या) करकरतात आणि माइक ते इमानाने उचलतो.

इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड पट्टी बदलायला सोपा, पण श्वास नाही. तरी एक पेटी बाजूला ठेवाच, कारण वीज गेली की माइक गेला तरी नाटक पेटीवर चालतं.

तबला संध्याकाळी सातला लावला आणि मैदानात दव पडू लागलं की अकराला तो उतरलेला असतो. पडद्यामागे एका खोक्यात बल्ब लावून दुसरा तबला त्यात उबेला ठेवा, आणि प्रत्येक अंकानंतर गट्टे (वादी ताणणारे लाकडी ठोकळे) तपासा. उन्हात ठेवून पुडी ताणण्याचा शॉर्टकट नको, शाई तडकते.

प्रयोगाची रात्र

ऑर्गन रंगमंचासमोर खाली, थोडा तिरका. बसलेल्या माणसाला गाणाऱ्याचं तोंड आणि तबलजीचा उजवा हात, दोन्ही मान न वळवता दिसायला हवेत. रंगमंच चार फुटांपेक्षा उंच असेल तर ऑर्गन फळ्यांवर चढवा, नाहीतर मागे उभ्या पात्राचा फक्त मुकुट दिसतो. विंगेत एक लहान स्पीकर गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवा, ज्यात ऑर्गन जास्त आणि गळा कमी. जनरेटर देवळामागे, शक्य तितका लांब.

मुकुट आणि टोप कानांवर येतात. त्याने स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि ऑर्गन कमी ऐकू येतो, मग गाणारा नकळत उतरतो. रंगीत तालमीच्या आधीच चार तालमी मुकुट घालून करा, किंवा मुकुटाची कड कानामागे वळवून घ्या. एवढ्या साध्या गोष्टीने बेसूर झालेले कृष्ण पुष्कळ आहेत.

पडद्याआधी अर्धा तास पूर्ण संचाला ऑर्गनपाशी बोलवा आणि वहीतल्या क्रमाने प्रत्येकाला आपल्या पहिल्या पदाचा नुसता सा लावायला सांगा. ज्याचा सा थरथरला, त्याच्या पहिल्या पदाला ऑर्गन एक स्टॉप जास्त उघडा आणि तबलजीला तसं सांगून ठेवा.

प्रयोग संपल्यावर दवात ऑर्गन लगेच टेम्पोत चढवू नका. झाकण लावा, पायटे वर करून बांधा, वरून प्लास्टिक टाका आणि सकाळी ऊन वर आल्यावर हलवा. वहीत त्या रात्री बदललेल्या पट्ट्या झोपण्याआधी लिहून ठेवा.